पिंकीची दृष्ट

आमच्या पणदऱ्याच्या वहिनींचं ऐका. त्यांची पिंकी इतकी गुटगुटीत, की दृष्ट लागेल म्हणून त्या तिला अंगणातही सोडत नसत. दिवसभर टीव्हीसमोर. पुढे चालताना तिचे पाय दुखू लागले. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, “ड जीवनसत्त्व कमी आहे.”

आमचा दादा, म्हणजे वहिनींचा नवरा, हसला. “हिला अन् कमी? घरची म्हैस हाय, डॉक्टर!”

“चरबी जास्त असली की ते चरबीतच अडकतं, रक्तात कमी उरतं. ऊन तरी मिळतं का हिला?”

औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी वहिनींनी पिंकीच्या गालाला तीट लावली आणि तिला उन्हात खेळायला सोडलं.

दादानं डिवचलं, “आन् दृष्ट लागली म्हंजी?”

“लागू द्या. समद्यांची नजर चुकवता चुकवता सूर्याची बी चुकली की!”