बूट नरम होईपर्यंत

बायको : मोजे तळाशी नको कोंबूस. ते हाताशी हवेत, भिजले की लगेच बदलता येतात. स्लीपिंग बॅग खाली, जड सामान पाठीला चिकटून, रेनकोट सगळ्यात वर.

नवरा : तुला सगळं पाठच झालंय.

बायको : होणारच. लग्न झाल्यापासून तुम्हा बहीणभावांच्या सॅका मीच भरतेय. स्वतःची पहिल्यांदाच भरतेय. निघायला अवकाश आहे, तरी आत्ताच भरून बघावीशी वाटली.

नवरा : बूट आण जरा. नरम झाले का बघू.

बायको : पायातच आहेत. भांडी घासताना हेच, दवाखान्यात औषधांच्या काउंटरला उभी असते तेव्हाही हेच. डॉक्टर म्हणाले, इथे कुठला डोंगर चढताय? आधी टाचांची सालटं निघाली, आता फोड सुकलेत.

नवरा : आणि जिना?

बायको : रोज. सॅकेत पाण्याच्या बाटल्या भरून खालपासून गच्चीपर्यंत. तळमजल्यावरच्या आजी विचारतात, घर बदलताय का गं.

नवरा : छान. काढ आता.

बायको : कशाला?

नवरा : छकू आलीय, खाली गाडी लावतेय. तिला घालून बघायचेत.

बायको : तुझ्या बहिणीला? तिला नवे नाही का घेतले?

नवरा : हेच तिचे.

बायको : चेष्टा पुरे.

नवरा : चेष्टा कसली? तुमच्या दोघींच्या पायाचा नंबर एकच. तिला ऑफिसात असले धोंडे घालून बसता येत नाही. आणि कोरे बूट घालून डोंगरात गेलं की पाय सोलून निघतात, तुला माहीत आहे. कोणीतरी आधी घालून हिंडायला हवं होतं.

बायको : तू म्हणालास, या मोसमात तू चल माझ्याबरोबर.

नवरा : म्हणालो. नाहीतर तू रोज घातले असतेस?

बायको : अरे, तिकिटं मी काढलीत, आपल्या दोघांची. वरच्या मुक्कामाच्या खोलीचं मी बोलून ठेवलंय.

नवरा : तुझं नाव काढून तिचं घातलं. सोमवारीच.

बायको : सोमवारी. आणि काल तू जिन्यात उभा राहून म्हणत होतास, अजून एक फेरी मार.

नवरा : डावा कडक होता ना अजून.

(नणंद दार ढकलून आत येते.)

नणंद : झाले का माझे बूट, दादा? अय्या, वहिनी, तू अजून घालूनच बसलीयस? दे. शी, आतून गरम आहेत.

बायको : छकू, तुला माहीत होतं?

नणंद : अगं, तू आणि डोंगर? भाजी घेऊन आलीस तरी धापा टाकतेस. दादाला तुला पाठीवर घेऊन उतरावं लागलं असतं.

बायको : माझी रजा मंजूर झालीय. दवाखान्यात सगळ्यांना सांगून बसलेय मी. आता त्यांना काय तोंड दाखवू?

नवरा : रजा आहेच तर पडदे धुऊन टाक. कधीपासून राहिलेत.

बायको : मला फार वाईट वाटतंय. एवढं तरी कळतंय का तुला?

नवरा : वाटणारच. होईल दोन दिवसांत कमी.

नणंद : दादा, हा चावतोय.

नवरा : कुठे?

नणंद : अंगठ्यापाशी. इथे फुगलाय, तिथे आत दबलाय. माझं पाऊल नीट बसतच नाही यात.

बायको : माझ्या अंगठ्याचं हाड बाहेर आलंय. बूट त्याच्या बेताने बसलाय.

नणंद : वाट लावलीस ना बुटांची. पाय असे वाकडे आहेत हे आधी सांगायचं नाही का?

बायको : मला वाटलं, माझेच आहेत.

नवरा : आता रडारड नको. उद्या दुसरे आणतो, दिवस आहेत अजून हातात. या खेपेला जाड मोजे घाल, एकावर एक, म्हणजे तुझा आकार नाही बसायचा.

बायको : या खेपेला.

नवरा : हो. आणि जिना बंद करू नकोस.

बायको : मग यांचं काय करायचं?

नणंद : ठेव तुलाच. कचरा टाकायला खाली जातेस ना, तेव्हा घाल.

बायको : दे इकडे.

नणंद : रागावली वाटतं.

नवरा : छे, ती नाही रागवत. अगं, नाड्या एवढ्या आवळून कशाला बांधतेस?

बायको : उतरताना पाय पुढे घसरत नाही.

नवरा : आणि सॅक कशाला चढवलीस पाठीवर? आज नको जिना. उद्या नव्या बुटांतच कर.

बायको : भरलेलीच आहे.

नणंद : वहिनी, कचऱ्याची बादली इथेच राहिली.

बायको : राहू दे.