बोटीच्या वेळेचं घड्याळ

काकू : हात कुणी लावायला सांगितला होता तुम्हाला त्याला?

पाहुणा : रागावू नका काकू. ते बरंच मागं चाललं होतं. म्हटलं, बाकी सगळं मी नेतोय, एवढं एक तुम्ही ठेवून घेताय, तर निदान वेळ तरी नीट लावून द्यावी. काच पुसली, चावी दिली आणि काटे जुळवले.

काकू : मी चहा टाकायला काय गेले, तेवढ्यात पराक्रम केलात. खोकी भरायला आलात ना? मग खोकी भरायची.

पाहुणा : चुकलं. पण बोटीवरचं इतकं देखणं घड्याळ, आणि चुकीची वेळ दाखवत भिंतीवर बसलंय. आम्हा जुन्या वस्तू गोळा करणाऱ्यांना ते बघवत नाही हो.

काकू : चुकीची नव्हती ती. बोटीची होती.

पाहुणा : कुठल्या बोटीची?

काकू : माझ्या मुलाच्या. अधिकारी होता तो बोटीवर. बोट पुढे सरकली की तिथली घड्याळं बदलतात म्हणे. तो तिकडून कळवायचा आणि हे इकडे काटे फिरवायचे. आम्ही रात्री जेवायला बसलो की ह्यांचं सुरू, "आत्ता त्याचा दुपारचा चहा चालला असेल." घास माझ्या हातातच राहायचा. आणि तो सुट्टीवर आला, दारात बूट काढले, की मगच हे घड्याळ घरच्या वेळेला लावायचं. त्याआधी कुणाची हिंमत नव्हती.

पाहुणा : काकांना भलताच नाद. स्वतः बोटीवर होते का?

काकू : कुठले! कचेरीत होते. साध्या होडीत बसवलं तरी पोटात ढवळायचं. पण भंगारात निघालेल्या बोटींवरून एकेक वस्तू अशी आणायचे, जशी नवी सूनच आणलीये. होकायंत्र झालं, दुर्बीण झाली. ते हवामान सांगणारं यंत्र तर विचारूच नका. रोज सकाळी त्याच्या काचेवर टिचकी मारायची, "आज वादळ आहे" म्हणून सांगायचं, आणि छत्री घरी विसरून जायचं. पुसत कोण बसलं हे सगळं? मी.

पाहुणा : म्हणून इतकं चकाकतंय.

काकू : पोरगं ह्या पितळेत रांगलं. ते दुसरं काय होणार होतं? माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात सगळे. पण हे मी ह्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

पाहुणा : आणि मुलगा आता...

काकू : बोट बुडाली. वादळात. काही माणसं सापडली. त्यात हा नव्हता.

पाहुणा : मला माहीत नव्हतं, काकू.

काकू : तुम्हाला कसं असेल? ज्यांना असायला हवं त्यांनाच नाही. ह्यांचं डोकं हल्ली साथ देत नाही. जेवलेलं विसरतात. मुलगा बोटीवर गेला एवढं डोक्यात पक्कं आहे, पुढचं पुसून गेलंय. रोज विचारतात, "कप्तान कुठे आहे?" लहानपणापासून कप्तानच म्हणायचे त्याला. पहिल्या वेळी मी खरं सांगितलं. मी खोटं बोलणारी बाई नाही. तर जमिनीवर बसले, जशी बातमी आत्ताच आलीये. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. एका माणसाला पोराच्या मरणाची बातमी किती वेळा द्यायची?

पाहुणा : मग हो?

काकू : मग सांगायचं सोडलं. विचारलं की म्हणते, घड्याळ बघा. ते बघतात, बोटीची वेळ दिसते, म्हणतात, "हां, तिकडे आत्ता उजाडलं असेल." की झालं. मला खोटं बोलायला लागत नाही आणि ते जमिनीवर बसत नाहीत. आता लेकीकडे चाललोय, एका खोलीत. तिथे ह्या पितळेला कुठली जागा? म्हणून तुम्हाला बोलावलं. पण हे एवढं घड्याळ मी सोडणार नव्हते. तर तुम्ही ते नीट करून ठेवलंत.

पाहुणा : आत्ता होतं तसं करून देतो.

काकू : फिरवा मागे.

पाहुणा : मागे नाही फिरवता येत. घंटेचं घड्याळ आहे, उलटं फिरवलं तर आतलं मोडेल. पुढूनच फेरी घालायला हवी. दर अर्ध्या तासाशी थांबायचं, घंटा वाजू द्यायची, मग पुढे. काका आत झोपलेत ना? आवाज होईल.

काकू : होऊ दे. ते उठायच्या आत आवरा म्हणजे झालं.

(आतल्या खोलीतून काका भिंतीचा आधार घेत बाहेर येतात.)

काका : अगं, ही खोकी कसली मांडलीयेस?

काकू : आवराआवर चाललीये. तुम्ही कशाला उठलात?

काका : चहाचा वास आला. हे कोण?

पाहुणा : नमस्कार काका. मी... दुर्बीण बघायला आलोय, जमलं तर न्यायला.

काका : बघा की. फक्त उलटीकडून बघू नका, सगळे आधी उलटीकडूनच बघतात. अगं, कप्तान कुठे आहे आत्ता?

काकू : चहा घ्या आधी.

काका : चहा कुठे पळतोय? थांब, घड्याळच बघतो.

काकू : अहो, बसा तरी.

काका : हे घरच्या वेळेला आहे.

पाहुणा : काका, ते मीच जरा...

काकू : तुम्ही मध्ये बोलू नका.

काका : अगं, घरच्या वेळेला आहे हे. आला का तो? आला का गं?

काकू : आला.

काका : केव्हा?

काकू : तुम्ही झोपला होतात.

काका : आणि मला उठवलं नाहीस. असं करतात होय? कुठे आहे?

काकू : झोपलाय.

काका : दमला असेल. वादळात सापडली होती ना बोट? मला कुणीतरी सांगितलं होतं.

काकू : हो. सापडली होती.

काका : वाळलाय का?

काकू : नाही. गेला तेव्हा होता तसाच आहे.

काका : आता परत कधी निघायचंय त्याला?

काकू : आता नाही जायचा तो कुठे.

काका : कायमचा आला?

काकू : कायमचा.

काका : बरं झालं बाई. तुला म्हणून सांगतो, मला फार वाटायचं, तू मनातल्या मनात मला बोल लावतेस. ह्या पितळेच्या नादानं पोर समुद्रावर गेलं म्हणून.

काकू : काहीतरीच.

काका : नाही ना लावत?

काकू : नाही. चहा घ्या, निवतोय.

काका : घेतो. अहो, तुम्ही. दुर्बीण नेताय ना? हे घड्याळही घेऊन जा बरोबर.

पाहुणा : नको काका, ते काकूंना हवंय.

काका : तिला? तिला मेलीला कधी आवडलं नाही ते. पोर समुद्रावर असतानाच त्याचं काम. आता पोर घरात आहे, कशाला हवंय भिंतीवर? आणि अर्ध्या अर्ध्या तासानं घंटा वाजवतं. त्याची झोप मोडेल. अगं, काढून दे ना त्यांना. माझा हात नाही पोचत.

पाहुणा : काकू?

काकू : बघताय काय? काढा.

पाहुणा : काकू, जरा हळू सांगतो. उद्या ते विचारतील तेव्हा?

काकू : तुम्ही न्या. त्या घोंगडीत गुंडाळा आधी. जिन्यात वाजायला नको.

काका : हां, गुंडाळा नीट. आणि दार हळू ओढा.

पाहुणा : येतो काका.

काका : अगं, तो उठला की मला हाक मार.

काकू : मारीन. तोवर तुम्हीही जरा पडा.