पारण्याची भीती

मी आंजीची, वर्ध्याजवळच्या मोठ्या आंजी गावची. बापाची ज्वारीची वावरं, घरी दोन्ही वेळ भाकर, गव्हाची पोळी सणालेच, तेबी पाहुण्यायले आधी. इंग्रज गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी मले वर्ध्यात दिलं. मालक कचेरीत कारकून, घरी सासू, अन् चुलीवर रोज पोळी. आंजीच्या बाया म्हणत, पोरीनं नशीब काढलं वो.

काय सांगू भाऊ तुम्हाले, तीन महिन्यांत पोट फुगाले लागलं, जेवली का कळ, कळ आली का परसाकडे धाव, दिवसातून सात-आठ वेळा, वास असा का नाक धरावं, तोंड आतून सोललेलं, केस फणीत येऊन राह्यले, लुगडं कमरेवर थांबेना. सासू म्हणे, माहेरी खायाले नव्हतं, आता पचत नाई. डॉक्टरनं जंताचं औषध दिलं, मंग लिव्हरचं दिलं, अन् म्हणाला, भाकर जड, हिले गव्हाचा दलिया द्या. सासूनं दिला बापा, खोटं काऊन बोलू, स्वतः तूप घालून दिला, अन् मी आणखी वाळली. आंजीले गेली का महिन्याभरात अंग धरे, परत आली का पुन्हा तेच. लोक मालकाले म्हणत, बायको नाटकी आहे तुही.

मंग सासूनं सोमवार धरायले लावले. उपासाची भगर, दही, शेंगदाण्याची आमटी, अन् मंगळवारी सकाळी पोट गप्प. मले वाटलं देवानं ऐकलं. मी गुरुवार धरला, शनिवार धरला, एकादशी धरली, चतुर्थी धरली. उपास सोडाले पोळी खाल्ली का पुन्हा कळ, म्हून मले पारण्याचंच भेव वाटाले लागलं. सासू म्हणे, ही नवऱ्याचं आयुष्य वाढवून राह्यली का माह्या कणकीचा डबा? मालक म्हणत, अवं, एखादा वार देवालेबी सुट्टी दे. आळीतल्या बाया मात्र पाया पडाले लागल्या, लेकरं आणून माह्या पायावर घालत. मी काही देवाची नव्हती भाऊ, मी पोटाची होती. देवाले हे कळत असन तं?

मांगच्या साली आत्या आली आंजीहून, बापाची बहीण, बाळंतपणं करते. चार दिवस माह्या ताटाकडे पाहत राह्यली अन् म्हणाली, तुले गहू सोसत नसन वो. सगळे हसले. डॉक्टरबी हसला, म्हणाला गहू तं आजाऱ्याचं अन्न. मीबी हसली. पण एका एकादशीचा उपास गुपचूप भाकरीवर सोडला, अन् काही झालं नाई. तेव्हापासून भेव वाढलं. गव्हाचं असन तं इतके उपास मी देवाले खोटे दाखवले, अन् देवाचं असन तं भाकरीनं तो गप्प कसा बसला?

माह्यापुरतं मी सोसलं असतं. पण माही पोरगी, कमल, तीन वर्षांची. पोळीचा काला खायाले लागली तसं तिचं पोट मडक्यावाणी अन् हातपाय काड्या. बाकी पोरी अंगणात पळत, ही बसून पाहे. परसाकडचंबी तेच, वासबी तोच. त्या वासानंच मी ओळखलं. आता सासू रोज तिच्यासाठी दलिया शिजवते, मी तो गाईले घालते अन् पोरीले भाकर दुधात कुस्करून देते. वीस दिवस झाले, पोट उतरून राह्यलं. काल मांजरीमांगं पळाली. सासू म्हणाली, पाह्य, दलियाचा गुण.

परवा महालक्ष्म्या जेवतील. आमच्याकडे पुरणपोळीच्या नैवेद्याचा पहिला घास घरच्या कुमारिकेले, सासू आपल्या हातानं भरवते. नाई म्हणावं तं देवीच्या ताटाले नाई म्हटलं, हो म्हणावं तं पोरगी पुन्हा बसली. मालकाले सांगितलं, ते म्हणाले, एका घासानं काय होते. काय होते ते मलेच मालूम.

म्हून ठरवलं भाऊ. मी म्हणीन, आमच्या आंजीत देवीचा घास मायलेकी वाटून खातात. असं काही नाई आंजीत. घास तिच्या ओठाले लावीन अन् मी खाऊन टाकीन. मंग दोन दिवस पडीन, मले सवय आहे. देवीनं पाहिलं तं पाहो, कोप माह्यावर करो. तुमची लेकरं जे खातील ते त्यायच्या अंगी लागो.