पहिलवानाचं कधी काही चुकत नाही

…आणि दोनदा सुई टोचायची ती मादीलाच. नराला म्हणे एकदाच पुरते, आणि तेवढी एक टोचतानासुद्धा आमचे हे त्याला चुचकारणार, "झालं रे राजा, झालं, झालं." माझं काही म्हणणं नाही. मी आपली ओलं फडकं मांडीवर घेऊन बसते, माशाचं तोंड झाकून त्याला घट्ट धरते, देवाचं नाव घेते, आणि पंखाच्या बुडाशी सुई शिरली की डोळे मिटते. मासळीला पापण्या नाहीत ना, मग दोघींच्या वाटचे मीच मिटते.

तुम्हाला सांगते, आमचा धंदाच हा, माशांची पिल्लं करून विकायची. पाळलेला मासा आपणहून अंडी सोडत नाही, त्याला वाहतं पाणी लागतं, पूर लागतो, आणि आमच्याकडे आहेत सिमेंटच्या टाक्या. म्हणून सुई. टोचलं की नर-मादी बारीक जाळीच्या कापडी पेटीत सोडायचे, ती पेटी पाण्यात चार काठ्यांना बांधलेली, आणि सकाळी जाऊन बघायचं. अंडी नितळ, मण्यांसारखी दिसली तर फळली. दुधासारखी पांढरी पडली तर गेली. पूर्वी हे दुसऱ्या माशाच्या डोक्यातली गाठ काढून, ती वाटून टोचायचे, आता औषध बाटलीत तयार मिळतं. इतकं सोपं झालंय हो. एक बाटली, आणि टाकीभर लेकरं. आणि इथे मी मीठ सोडलं, चपला सोडल्या, अजून काय काय सोडलं… जाऊ दे. माझं काही म्हणणं नाही.

तर पहिलवान. पहिलवान म्हणजे ह्यांचा लाडका नर. बोटाएवढा होता तेव्हापासून हाताने भरवून वाढवलेला, आता उचलायचा तर कवेत घ्यावा लागतो. बाकीचे लोक एका मादीमागे दोन नर सोडतात. ह्यांना विचारा. "दोन कशाला? आमचा पहिलवान एकटा चौघांना भारी आहे." आहे की भारी, काट्यावर. अंडी मात्र पांढरी. पहिल्या मादीची पांढरी पडली, तर हे म्हणाले, ती म्हातारी होती. गेली बाजारात. दुसरीची पडली, ती म्हणे फारच कोवळी. बाजारात. तिसरी बिचारी ना म्हातारी ना कोवळी, तर म्हणे तिचा स्वभाव चिडका. आता मासळीचा स्वभाव ह्यांना कुठून दिसला? माझा अजून दिसला नाही, एका छपराखाली राहून. तीही बाजारात.

पिल्लं न्यायला आलेली माणसं रिकामे डबे घेऊन परत जायची, आणि सासूबाई जेवताना म्हणायच्या, "मादी बदलून बघ रे बाबा. कुठवर वाट बघणार?" माशांबद्दलच बोलत होत्या, नाही असं नाही, पण बघत होत्या माझ्याकडे. वन्सं आल्या तेव्हा त्यांनी तर मासा मध्ये आणायचेही कष्ट घेतले नाहीत. "दादा, माझ्या सासरच्या नात्यात एक मुलगी आहे. गरीब आहे, पण चांगली आहे." मी वाढत होते. हातातला डाव तसाच धरून उभी राहिले, म्हटलं, आता हे 'नाही' म्हणतील… हे हात धुवायला उठले.

तपासण्या म्हणाल तर माझ्या सगळ्या झाल्यात. सुया माझ्याही टोचून झाल्यात, फक्त चुचकारायला कोणी नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं सगळं ठीक आहे. आता यजमानांना पाठवा." घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "मला काय झालंय? कधी सर्दी तरी झालीय का मला?" झालं. माझं काही म्हणणं नाही.

मग वन्सं गेल्या, आणि मी आठवड्यातून एक दिवस मौन धरायला लागले. म्हटलं, बोलून तर सगळं झालं, आता न बोलून बघू. आता गंमत ऐका. चौथ्या मादीचा दिवस नेमका माझ्या मौनाचा. आदल्या दिवशी ह्यांनीच सांगितलं म्हणून मी टाक्या घासल्या होत्या, तेव्हा पहिलवानाला पलीकडच्या टाकीत हलवलं, आणि तिथला एक किडकिडीत नर पहिलवानाच्या टाकीत आला. परत हलवायचं राहून गेलं. संध्याकाळी वीज गेलेली, हे जाळं घेऊन त्याच टाकीत उतरले, नर काढला आणि माझ्या मांडीवर दिला. निम्म्याने हलका. मी मान हलवली. हे म्हणाले, "हो, वाळलाय खरा. विणीच्या दिवसांत अंग उतरतंच त्यांचं." मी पलीकडच्या टाकीकडे बोट दाखवलं. "कळलं गं, फडकं ओलं कर म्हणतेस." मी कपाळाला हात लावला. "घाबरू नकोस, फळेल या खेपेला." लिहून दाखवायचं होतं, म्हणाल. कशाने? ओले हात, मांडीवर तडफडणारा जीव, आणि समोर सगळं कळणारा माणूस.

सकाळी पेटीत बघितलं. अंडी नितळ, एकेक मणी फुगलेला. दुपारपर्यंत तर प्रत्येकात एक बारीक ठिपका वळवळायला लागला. मी काठावरच बसले. काय वाटलं ते सांगत नाही, उगाच रडू येतं. आणि हे? हे छाती काढून सासूबाईंना सांगतायत, "मी म्हणत नव्हतो? त्या तिघीच वाईट होत्या. मादी गुणाची मिळाली की पहिलवानाचं कधी चुकत नाही."

माझं मौन सुटलेलं होतं. मी म्हटलं, "अहो, पण तो पहिलवान नव्हताच." आणि त्यांना पलीकडच्या टाकीपाशी नेलं. आत पहिलवान, मिशीला तूप लावल्यासारखा, संथ फिरतोय. हे बघत राहिले. सासूबाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाणी बाधलं असेल त्याला."

मी हळूच म्हटलं, "डॉक्टरीणबाई संध्याकाळीसुद्धा बसतात. मी येते ना बरोबर."

हे म्हणाले, "माशांचं वेगळं, माणसांचं वेगळं."

"कालपर्यंत तर एकच होतं."

हे टाकीचं पाणी किती गरम आहे ते बघायला गेले. बघत बसले, बघत बसले… एवढ्या वेळात चहा उकळला असता.

तुम्हाला वाटेल, आता पहिलवान बाजारात गेला असेल. छे हो. तीन माद्या गेल्या त्या गेल्या, ह्याला पलीकडची मोठी टाकी दिली, वर सावलीला कापड बांधलं, खुराक वाढवला. संधी द्यायला हवी म्हणे. तरी मी आशा सोडलेली नाही. देवापुढे दिवा लावते, फक्त मागणं बदललंय. आधी मूल मागायचे, आता म्हणते, देवा, ह्यांना एकदा त्या दवाखान्याचा जिना चढव, पुढचं मी बघते.

आणि ऐकलं हो देवाने, असं वाटलं मला. परवा हे आपणहून माझ्याजवळ येऊन बसले, घसा खाकरला, इकडे तिकडे बघितलं. म्हणाले, "मी काय म्हणतो, तुझा देवावर एवढा विश्वास आहे… तर एखादा कडक नवस बोल ना."

मी म्हटलं, "कशासाठी?"

म्हणाले, "पहिलवानासाठी."

मी बोलले नवस. आता चपलांच्या जोडीला चहाही सोडलाय. माझं काही म्हणणं नाही.