बोल्ट मागे कोण ढकलतं?

परीक्षेत नापास झालेल्या भाचीने पत्रात विचारलं होतं, "मामा, पुन्हा बसू का?" मी कोण सांगणारा, म्हणून उत्तर राहूनच गेलं. आज टपालाच्या रांगेत माझ्यापुढे एक मुलगी आणि तिची मावशी होती.

"शस्त्रदुरुस्तीच्या तोंडी परीक्षेत अडलीस कुठे?"

"स्वयंचलित रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता दांडा, मागे कोण ढकलतं, विचारलं. मी म्हटलं, स्प्रिंग."

"मग?"

"स्प्रिंग पुढे ढकलते गं, मावशी! मागे ढकलतो वायू. गोळीमागचा थोडा वायू नळीच्या भोकातून दट्ट्यावर येतो. बोल्ट मागे जातो, काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडते. मग स्प्रिंग नवं काडतूस आत सारते."

"हे तेव्हा कुठे गेलं होतं?"

"घशात अडकलं होतं. आता झोपेतून उठवून विचार, सांगेन."

"म्हणजे पुन्हा बसणार?"

"अर्ज टाकायलाच आलेय."

मी खिडकीवर कार्ड घेतलं. "पुन्हा बस. मामा." एवढं लिहून पेटीत टाकलं.