कैऱ्यांचा चीक

नवव्या वर्षी भय्यासाहेबांना एका थापेतून दोनच गोष्टी मिळणार होत्या: पोटभर कैऱ्या आणि पाठीला माफी. आज साठ वर्षांनी ते दवाखान्यात औषधांच्या खिडकीशी, माझ्या पुढच्याच नंबरावर उभे होते, तेही स्वतःच्या दोन्ही पायांवर. सोबत धाकटी बहीण सुलभा, खिडकीत फार्मासिस्ट मुक्ता.

“मुक्ता मॅडम, पाय वाचला! डॉक्टर तर कापायचा म्हणत होते.”

“काका, जंतू कुठल्याच औषधाला जुमानत नव्हता. उरलं होतं एकच, ते पेनिसिलिनच्या घराण्यातलं. आणि तुमच्या फाइलवर लाल अक्षरात, पेनिसिलिन चालत नाही.”

“जिथे तिथे ऐटीत सांगायचा हा! म्हणे, आपल्याला साधं औषध सोसत नाही.”

“सुलभे, चुप बस ना.”

“म्हणून मी विचारलं, लहानपणी त्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनने चट्टे कुठे उठले होते? तर म्हणाले, ओठांवर आणि बोटांवर.”

“इंजेक्शन कमरेत आणि चट्टे ओठांवर!”

“तिथेच शंका आली. मग या सुलभामावशींना फोन लावला.”

“मी म्हटलं, अगं, तो कैऱ्यांचा चीक! चोरून खाल्ल्या, त्याच दिवशी इंजेक्शन झालं होतं, ढकललं त्याच्यावर.”

“मग डॉक्टरांसमोर आधी अगदी थोडंसं देऊन पाहिलं. काही झालं नाही, तेव्हा पूर्ण डोस.”

“आणि जंतू चारी मुंड्या चीत! चल सुलभे, टावर चौकात पोहे-जलेबी खाऊ.”

“थांब दादा. कैऱ्या तू खाल्ल्यास, बदनाम झालं बिचारं इंजेक्शन. आणि कोयी सापडल्या कुणाच्या फ्रॉकच्या खिशात?”

“कुणाच्या?”

“माझ्या! मार मी खाल्ला.”