जुनं आंबट पाणी

नेरिडा : चष्मा लाव आणि नीट बघ. हिरवट आहे, कोरडं आहे, वर लव आलीय. ही बुरशीच आहे, वॉली.

वॉली : तपकिरी धागेही आहेत. धागे म्हणजे बुरशी नव्हे, असं तूच म्हणाली होतीस.

नेरिडा : धागे खाली लोंबतायत, ते असतातच कोंबुचात, चहा आंबवला की येतातच. मी वरचं बोलतेय. शिळ्या पावावर येते तश्शी आहे. दिसत नाही तुला?

वॉली : दिसतेय. न दिसायला काय झालं. दिसली म्हणून तर तुला फोन केला. चमच्याने खरवडली तर?

नेरिडा : नाही.

वॉली : चीजवरची खरवडतो की आपण.

नेरिडा : चीज घट्ट असतं. हे पाणी आहे, वर दिसते तेवढीच असते असं नाही. सगळं फेकायचं. चहा, त्याला आंबवणारी ती वरची जाड चकती, सगळं. सहा वर्षं रविवारच्या बाजारात विकतेय मी हे, बाबा. माझ्यावर विश्वास ठेव नाहीतर मला बोलावू नकोस.

वॉली : चकती ऑड्रीची आहे.

नेरिडा : माहीत आहे.

वॉली : आणि शुक्रवारी ती घरी येतेय.

नेरिडा : तेही माहीत आहे. खुर्चीवरचे मोजे उचल, बसू दे मला. कधीपासून आहे हे?

वॉली : रविवारपासून. आधी एक ठिपका होता. वाटलं, जाईल.

नेरिडा : आज बुधवार. आणि तिला काय सांगतोस?

वॉली : छान आहे म्हणतो. पाच आठवडे झाले तिला हॉस्पिटलात. रोज चारला फोन करते, आणि पहिला प्रश्न काय, तर बरणी कशी आहे. नवऱ्याचा नंबर त्यानंतर.

नेरिडा : ही घातलीस कधी?

वॉली : झाले बारा दिवस. तिने जाताना घातलेली संपली, मग ही मी घातली. कागद लिहून गेली होती ना. इतका चहा, इतकी साखर, गार होऊ दे, मग चकती सोड. सगळं तसंच केलं. एक चमचा इकडचा तिकडे नाही.

नेरिडा : जुनं पाणी किती ठेवलंस?

वॉली : कुठलं जुनं?

नेरिडा : आधीच्या बरणीतलं. आंबट.

वॉली : ते होय. ते ओतून दिलं लिंबाच्या झाडाखाली. काय वास मारत होतं! नाक धरून गेलो. म्हटलं, नवीन करतोय तर स्वच्छ करू. चकती पण नळाखाली धुतली.

नेरिडा : धुतलीस.

वॉली : हळू धुतली. अंडं धुवावं तशी.

नेरिडा : अरे देवा.

वॉली : काय झालं?

नेरिडा : विरजणच फेकलंस तू. जे काही आहे ते त्या आंबट पाण्यात आहे. पहिल्या दिवसापासून चहा आंबट असला की बुरशीला पाय ठेवता येत नाही. एवढ्या मोठ्या बरणीला दोन कप तरी पाहिजे. तू नुसत्या गोड चहावर धुतलेली चकती ठेवलीस. बुरशीला जेवायलाच बोलावलंस.

वॉली : कागदावर नव्हतं ते.

नेरिडा : नसेल लिहिलं. एकोणीस वर्षं करतेय ती. तिच्या हाताला जे माहीत आहे ते कागदावर कशाला येईल? आणि कापड कुठे गेलं? ही तर माश्या अडवायची जाळी आहे. हिच्यातून चिलट आरामात आत जाईल.

वॉली : कापड सारखं सोडा, सारखं बांधा. कंटाळलो.

नेरिडा : सारखं सोडायचंच कशाला? दहा दिवस तिकडे बघायचं नसतं.

वॉली : ती रोज विचारते ना! बघितल्याशिवाय कसं सांगू?

नेरिडा : बघितलंस आणि तरी खोटंच सांगितलंस.

वॉली : हो. तेही केलं.

नेरिडा : बाजूला सफरचंदांची पेटी ठेवलीयस. त्यातली दोन सडलीयत. बुरशीचं बी शेजारीच पेरून ठेवलंस की. आणि हे घर, वॉली! बोलताना तोंडातून वाफ निघतेय माझ्या. शेगडी पेटवली कधी होतीस?

वॉली : एकट्यासाठी काय पेटवायची.

नेरिडा : जुलै आहे, ऐन हिवाळा! पायरीवर दुपारपर्यंत बर्फ असतो तुझ्या. गारठ्यात हे आंबत नाही, नुसतं पडून राहतं. पडून राहिलं की बुरशी आलीच.

वॉली : लाकडं तिच्यासाठी ठेवलीयत. शुक्रवारपासून पेटवणार होतो. कोट घालून झोपतो, भागतं माझं.

नेरिडा : भागतं म्हणे. आरशात बघितलंयस का कधी?

वॉली : नेरिडा, तुझ्याकडची दे मला.

नेरिडा : काय?

वॉली : तुझी चकती. सात वर्षांपूर्वी ऑड्रीनेच दिली होती ना तुला? म्हणजे तिचीच झाली. आज घातली तर शुक्रवारी बरणी भरलेली दिसेल. ती काय मोजमाप घेऊन बघणार आहे?

नेरिडा : ओळखेल ती. माझी पातळ आहे. आणि देईन मी, आंबट पाण्यासकट देईन, डबा भरून. पण आधी तिला सांग.

वॉली : नाही.

नेरिडा : बायको आहे तुझी. खाणार आहे का तुला?

वॉली : एकच काम दिलं होतं तिने. बाकी काय केलं मी तिचं? पहिल्या आठवड्यात होबार्टला हॉस्पिटलात गेलो. त्या नळ्या बघितल्या, पोटाला लावलेली ती पिशवी बघितली, आणि गाडी चुकीच्या जागी लावलीय सांगून बाहेर आलो. तीन तास पार्किंगमध्ये बसून राहिलो. मग तिचाच फोन आला. म्हणाली, वॉली, तू घरी जा, माझी बरणी सांभाळ. चिडली नाही, काही नाही. त्यानंतर मी गेलोच नाही. लोक विचारतात तेव्हा सांगतो, घरी बरणी आहे, बघावी लागते. चाळीस वर्षं बागेत छाटणी केली, एवढा दमलो नव्हतो कधी.

नेरिडा : ती पिणार तरी आहे का हे? एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर?

वॉली : कुठलं पिणार. कच्चं, आंबवलेलं वर्षभर बंद सांगितलंय.

नेरिडा : मग एवढा जीव कशाला टाकतोयस?

वॉली : चार वाजता बोलायला काहीतरी लागतं, बाई. दुसरं जे आहे ते आम्ही बोलत नाही.

(फोन वाजतो. वॉली तो स्पीकरवर लावून टेबलावर ठेवतो.)

ऑड्री : कशी आहे माझी बरणी?

वॉली : छान. छान आहे. नेरिडा आलीय.

ऑड्री : नेरिडा? बुधवारी? बुधवारी तिच्या बाटल्या भरायच्या असतात.

नेरिडा : भरेन गं नंतर. तू कशी आहेस?

ऑड्री : मीही छान. वॉली.

वॉली : काय?

ऑड्री : बरणी कशी आहे?

वॉली : गेली.

ऑड्री : हिरवी की काळी?

वॉली : हिरवी. माझंच चुकलं सगळं. जुनं पाणी ओतून दिलं. वाईट झालंय वाटलं मला. रविवारपासून खोटं बोलतोय तुझ्याशी. चकती पण धुतली.

ऑड्री : धुतलीस?

वॉली : हळू धुतली गं.

ऑड्री : हसवू नकोस रे. टाके ओढतात. नळाखाली?

वॉली : हसतेस काय. रागव की.

ऑड्री : रागवायला दम पाहिजे. आणि मी कुठल्या तोंडाने रागवू? मीही रविवारपासून छानच म्हणतेय.

वॉली : म्हणजे?

ऑड्री : शुक्रवारी सोडत नाहीयेत मला.

वॉली : का?

ऑड्री : ताप परत आलाय. आत कुठेतरी पू झालाय म्हणतात. उद्या पोटाचा फोटो काढणार, मग ठरवणार परत उघडायचं की नाही.

वॉली : मला का नाही सांगितलंस?

ऑड्री : सांगून काय करणार होतास? त्या गारठ्यात कोट घालून बसून विचार करत राहिला असतास. शेगडी पेटवली नाहीस ना?

वॉली : नाही.

ऑड्री : वाटलंच होतं. अरे, बरणी कशाला दिली होती तुला? मला काय प्यायला मिळणार होतं ते? म्हटलं, स्वतःसाठी पेटवणार नाही हा माणूस, पण चकतीला ऊब लागते म्हणून तरी पेटवेल.

वॉली : तेही कागदावर नव्हतं.

ऑड्री : नव्हतं. चुकलंच माझं. नेरिडा, आहेस का गं?

नेरिडा : आहे.

ऑड्री : चकती त्याला खड्ड्यात पुरायला लाव. बरणी उकळत्या पाण्याने धुवा, कापडं जाळून टाका. आणि आज घरात जाळ झाला पाहिजे.

नेरिडा : मी काडी लावूनच जाईन. काळजी नको करूस.

वॉली : ऑड्री, फोटो किती वाजता आहे?

ऑड्री : दहाला. का?

वॉली : सकाळी येतो मी.

ऑड्री : तुला जमत नाही रे इथे.

वॉली : नाहीच जमत.

ऑड्री : नळ्या वाढल्यात. एक नाकातही आहे. आधीच सांगते.

वॉली : बरं झालं सांगितलंस.

ऑड्री : बाहेर गाडीत बसून राहिलास तर मला खिडकीतून दिसतं. त्या दिवशीही दिसत होतास.

वॉली : वर येईन. येताना काय आणू?

ऑड्री : काही नको. ये नुसता.